‘ता’ची नोंद : मध्ये ‘लअ’ घालून बघा

चिनी शिकताना अडून बसलेला ‘ता’ (हे क्रियापद) एकदाचा हलला! (पिनयिनच्या, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीतल्या, ‘डी’साठी मी नेहमीसारखं ‘त’च लिहितोय, ‘द’वाल्यांनी आपलं भांडण चालू ठेवावं.)

मागच्या वेळी त्याच्या अर्थांची यादी लावायला घेतली होती. तिसरा टोन (उच्चारातला चढउतार), मूळ अर्थ मारणं, अक्षरात डावीकडे ‘हात’. पण छत्री धरणं, पाणी भरणं, स्वेटर विणणं, टॅक्सी पकडणं, सगळीकडे हाच बाबा. ‘मराठीतलं मारणं लाव की’ असं बरेच जण म्हणाले. फोन मारण्यापुरतं जमतं. गप्पा, उडी आणि हाक मारायला चिनीत ‘ता’ चालत नाही.

हाताचा धागा मात्र बराच लांब गेला. बॅडमिंटन, बास्केटबॉल, पत्ते, माहजोंग : ‘ता’. फुटबॉल पायाने, म्हणून तिथे ‘थी’. बुद्धिबळात सोंगटी खाली ठेवायची, म्हणून ‘श्या’. इथवर मजा आली. मग ‘ता फन्थी’ म्हणजे शिंकणं, ‘ता हाछ्येन’ म्हणजे जांभई देणं आणि ‘ता हूलू’ म्हणजे घोरणं. घोरायला हात कुठून आणायचा?

यावर चिक्कार डोकं फोडलं. छापील कोशात वीसच्या वर अर्थ एकाखाली एक रचलेले, आणि कशाचा कशाला पत्ता नाही. त्यापेक्षा प्लेको या चिनी शब्दकोशाच्या ॲपमधली उदाहरणं वाचत बसलो आणि तिथेच सापडलं : ‘ता लअ कअ फन्थी’, शिंकला. क्रिया झाल्याचा ‘लअ’ आणि गणक (आकड्यानंतर नामाआधी येणारा मोजणीचा शब्द) ‘कअ’ दोघेही बिनदिक्कत मध्ये घुसलेत. म्हणजे शिंक हे कर्म, ‘ता’ नुसता हमाल. फोनचंही तेच : ‘ता लअ ल्यांग कअ त्येन्ह्वा’, दोन फोन केले. आता ‘तासाओ’ (झाडलोट करणं) फोडून दाखवा. नाही फुटत! ‘लअ’ शेवटीच : ‘तासाओ लअ’. ‘ताथिंग’ (चौकशी करणं) आणि ‘तापान’ (नटणं) तसेच. द्विरुक्तीतही तोच भेद : जरा बॉल खेळूया म्हणताना ‘ता ता छ्यौ’, जरा झाडूया म्हणताना ‘तासाओ तासाओ’.

अंकी या पाठांतराच्या ॲपमधला कार्डांचा अर्थवार गठ्ठा त्याच रात्री मोडीत काढला. आता दोनच गठ्ठे, फुटणारे आणि न फुटणारे.

वैतागणारे आपण पहिले नाही, हेही कळलं. अकराव्या शतकात औयांग श्यू या सोंग काळातल्या विद्वानाने हीच कुरकुर केलीय : नाव बांधणं, मासे धरणं, पाणी काढणं, छत्री धरणं, सगळ्यालाच लोक ‘ता’ म्हणतात! वाचून फार बरं वाटलं.

लिहिता लिहिता सुचतंय, फुटणाऱ्यांची पुन्हा वाटणी करावी, मध्ये काय बसतं त्यावरून. सवलतीच्या ‘ता पा चअ’मध्ये आकडा बसतो. ‘पा’ म्हणजे आठ, पण सूट वीस टक्केच; ऐंशी टक्के आपण मोजायचे. म्हणजे एचएसके या चिनीच्या परीक्षेच्या पुढच्या शब्दयादीआधी गणक उरकावे लागणार. डझनाचा ‘ता’ यात धरू नका, तो इंग्रजीतून आलेला आणि त्याचा टोन दुसरा.

कधी फुटणारी, कधी न फुटणारी जोडी कुणाला सापडली असेल तर उदाहरणासकट टाका.