सागवानी पेटीतला संगणक

रविवार, रात्री

आज जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, लाकडी पेटीत बसला आणि भाचीने बटण दाबताच मॉनिटर उजळला. फार आनंद झाला.

लॅपटॉपचं बिजागर तुटलं होतं, स्क्रीन गेली होती. एमजी रोडवरच्या दुकानांत विचारलं तर सगळे म्हणाले, भंगारात द्या. पण एचडीएमआय केबल लावली की बाहेरच्या मॉनिटरवर सगळं लख्ख दिसायचं. आत इंटेलचा आय५-५२००यू प्रोसेसर आहे, १५ वॉटचा. विंडोज ११ च्या यादीत तो नाही आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टचा आधार उरला नाही. म्हणून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. बिजागर तुटलं म्हणून प्रोसेसर निकामी होत नाही, हे माझं ठाम मत.

बॅटरी फुगलेली होती. तिला टोचलं-दाबलं तर पेट घेते, म्हणून आधी ती जपून काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. काही लॅपटॉप बॅटरीविना मंदावतात. हा अडॅप्टरवर नीट चालतो.

पेटी लाकडाचीच हवी होती. वायफायचे दोन्ही अँटेना स्क्रीनच्या कडेला असतात. ते सोडवून पेटीला आतून चिकटवले. पत्र्याच्या पेटीत सिग्नल अडला असता. मिस्त्रींनी जुन्या कपाटाची सागवानी फळी काढली आणि विचारलं, "दाराला चुंबक लावू का? छान बसेल." मी म्हटलं, "नको मिस्त्री, बोर्डाजवळ चुंबक आलं तर त्याला वाटेल लॅपटॉपचं झाकण मिटलं, आणि तो झोपी जाईल." त्यांनी पितळी कडी लावली. तीच जास्त शोभते.

सगळ्यात जास्त विचार हवेचा केला. हा पंखा खालून हवा ओढतो आणि बाजूच्या जाळीतून गरम हवा सोडतो. बंद पेटीत तीच गरम हवा परत आत गेली, तर नाशिकचा एप्रिल-मे सोसणार नाही. म्हणून बोर्ड पितळी स्पेसरवर, म्हणजे छोट्या खुंट्यांवर, उचलून बसवला, पंख्यासमोर भोकं पाडली आणि आत-बाहेरच्या वाटांमध्ये पट्टी ठोकली. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. तासभर व्हिडिओ चालवला, पंख्याचा आवाज चढला नाही.

"मामा, लाइट गेली तर?" भाचीने नेमकं विचारलं. बॅटरी नाही, म्हणजे क्षणात बंद. तिच्या सीईटीच्या सराव परीक्षा यावरच व्हायच्या आहेत. पावसाळ्याआधी छोटा यूपीएस घ्यायचा, मॉनिटर आणि राउटरही त्यावरच.