तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशन झालं, मग गाठ तिथंच कशी?

मंडईतल्या भाजीवाल्या मावशींपासून वर्गातल्या मुलांच्या आयांपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. पुण्यात प्रश्न मनात ठेवायची पद्धत नाही. मानेवर टाक्यांची खूण दिसते आणि वर सुपारीएवढी गाठही दिसते, तेव्हा विचारणारच.

उजव्या कानाच्या पाळीखाली ती आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, गालगुंड. पण गालगुंड काही सहा महिने मुक्काम करत नाही. ती जागा पॅरोटिड या लालाग्रंथीची. तिथल्या दहातल्या आठ गाठी साध्या, म्हणजे कॅन्सरच्या नसलेल्या असतात, हे ऐकून मी निर्धास्त झाले. सुईच्या तपासणीत मात्र गालभर झिणझिण्या गेल्या आणि रिपोर्ट आला ‘नमुना अपुरा’. एमआरआयमध्ये गाठ कडेला पांढरी, मध्ये काळपट दिसत होती. सर्जन म्हणाले, नसेचीच असू शकेल, पण उघडल्याशिवाय खात्री नाही.

चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातून निघते आणि थेट या ग्रंथीत शिरते. तिथं तिला फांद्या फुटतात: कपाळाला, डोळ्याला, गालाला, खालच्या ओठाला, मानेला. मी मराठी शिकवते. प, फ, ब, भ, म ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत, हे पोरांना आयुष्यभर सांगत आले. ओठ मिटतो कुणामुळे, हे पन्नाशीत कळलं.

तिथली नेहमीची गाठ फार तर नसेला खेटून असते, जपून सोडवता येते. माझी नसेच्या आवरणातल्या पेशींपासूनच झालेली, श्वानोमा. ऑपरेशनमध्ये नस ओळखायला विजेचा हलका स्पर्श देतात. तो गाठीला दिला की माझा गाल उडायचा, म्हणजे काम करणारे धागे तिच्यावरूनच जात होते. सर्जननी धागे टाळून एक छोटा तुकडा तपासणीला घेतला आणि टाके घातले.

शुद्धीवर आल्यावर ‘काढली नाही’ ऐकून मी चिडलेच. ‘बिल मात्र पूर्ण,’ नवरा म्हणाला.

राग उतरायला दोन-तीन भेटी लागल्या. गाठ पूर्ण काढायची तर बहुतेक वेळा नसेचा तुकडाही जातो. मग मानेतली किंवा पायातली नस आणून जोडायची. तिच्यातून नसेचे धागे दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणजे डोळा नीट मिटेपर्यंत महिनोन्‌महिने त्यात थेंब घाला, रात्री पापणीला पट्टी लावा. आणि सगळं उत्तम जमलं तरी चेहरा पहिल्यासारखा होत नाही. हसायला गेलं की डोळा बारीक होतो, असं काहीतरी राहतंच. माझा चेहरा तेव्हा ठणठणीत होता, आजही आहे. ही गाठ कॅन्सरची निघणं अतिशय दुर्मीळ, वाढते तीही बहुधा सावकाश. मग धडधाकट चेहरा आज वाकडा कशाला करून घ्यायचा? तो लुळा पडू लागला, गाठ भराभर वाढली किंवा कानाच्या हाडात शिरली, तर मीच म्हणेन, काढा.

तोवर वर्षातून एकदा एमआरआय, आणि रोज सकाळी आरशासमोर भुवया उचल, डोळे घट्ट मिट, गाल फुगव, दात दाखव. लेक याला माकडचेष्टा म्हणते.

तक्रार एकच. चिरेच्या वाटेत स्पर्शाची एक नस आली, त्यामुळे कानाची पाळी बधिर झाली. कुडी निसटली तरी कळत नाही. गेल्या महिन्यात एक लक्ष्मी रोडला पडली, मोत्याची. दिसली तर सांगा.