क्षारपड मातीतली बुरशी, अपडेट : टोमॅटोचा 42 वा दिवस

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय कारण मुळं रंगवून बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. काल रंगवली. बुरशी दिसली एकदाची!

नवीन लोकांसाठी थोडक्यात. शिरोळ तालुक्यात मामांचं रान आहे, वर्षानुवर्षं ऊस आणि पाटपाणी, त्यातला खालचा तुकडा पार क्षारपड झालाय, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटतं. पण त्या मिठातही हराळी मस्त हिरवीगार असते आणि माझा सगळा खटाटोप तिथूनच सुरू झाला. हराळीच्या मुळात मायकोरायझा बुरशी राहते, आणि जी बुरशी एवढ्या खारात टिकलीय ती कामाचीच असणार असं मला वाटत होतं.

मग हराळी मुळासकट, मातीसकट आणली आणि त्यात ज्वारी लावली. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, त्यामुळे ट्रायकोडर्मा या दुसऱ्या बुरशीसारखी भातावर किंवा प्लेटमध्ये वाढवता येत नाही, ज्वारीच लागते. तीन महिने ज्वारी वाढवली, मग पाणी एकदम तोडलं, दोन आठवडे कुंड्या कोरड्या पडू दिल्या म्हणजे बीजाणू जास्त धरतात, आणि मग मुळं बारीक कापून मातीत मिसळली. हेच माझं विरजण. पहिली बॅच मात्र वाया गेली होती, मी सवयीने डीएपी, म्हणजे फॉस्फरसचं खत, टाकला होता. झाडाला फॉस्फरस आयता मिळाला की ते बुरशीला मुळात फारसं घेतच नाही. तेव्हा स्फुरदाला (म्हणजे फॉस्फरसलाच) हात आखडता ठेवा, हे मी प्रत्येक पोस्टमध्ये लिहिणार आहे.

आता टोमॅटोच्या 9 कुंड्या आहेत. सगळ्यात मामांचीच माती, कुकरमध्ये वाफवलेली. तीनमध्ये हराळीचं विरजण, तीनमध्ये मायकोरायझाचं विकतचं पाकीट, तीन साध्या. साध्या कुंड्यांत विरजणाचं पाणी कॉफी फिल्टरमधून गाळून घातलं, म्हणजे बॅक्टेरिया गाळणीतून खाली कुंडीत जातात, बीजाणू वरच राहतात, नाहीतर फरक बुरशीचा की बॅक्टेरियाचा हे कळणार कसं?

वरून बघितलं तर साध्या कुंड्यांतल्या खालच्या पानांच्या कडा करपल्यात, बाकी दोन्हीत झाडं जवळपास सारखीच. मी इथेच थांबलो असतो तर दोन्ही सारखंच काम करतात असं लिहून मोकळा झालो असतो.

मुळं कॉस्टिक पोटॅशच्या 10 टक्के द्रावणात गरम केली (हातमोजे आणि चष्मा घालूनच, प्लीज), धुतली, आणि व्हिनेगरमध्ये 5 टक्के शाई घालून रंगवली. साधी पेनाची शाई चालते, ही पद्धत 1998 पासून लोक वापरतायत. मायक्रोस्कोपखाली हराळीवाल्या मुळात निळे धागे पेशींच्या मधून पळताना दिसले, मध्येच अंडाकृती फुगे, आणि दोन-तीन पेशींमध्ये ती झुडपं, आर्बस्क्युल, बारीक बारीक फांद्या फुटलेली. देवाणघेवाण तिथेच होते, झाड साखर देतं आणि बुरशी लांबून फॉस्फरस, पाणी आणते, शिवाय पानात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त राहायला मदत होते. मी अर्धा तास नुसता बघत बसलो.

पाकिटवाल्या मुळात धागे आहेत पण तुरळक, झुडूप एकही सापडलं नाही. साध्यात काहीच नाही. प्रत्येकी एकच झाड उपटलंय, त्यामुळे लगेच निकाल लावू नका, पण मला तरी खाऱ्या जागेचीच बुरशी खाऱ्या जागेत जास्त तगते असं वाटायला लागलंय.

मामांना फोटो पाठवले तर म्हणाले, मग निचऱ्याचा चर काढायला नको की. मामा, चर हवाच! बुरशी मीठ बाहेर काढत नाही, झाडाला फक्त तग धरायला मदत करते, मीठ जाणार ते निचऱ्याच्या पाण्यासोबतच. आणि चोपण असेल, म्हणजे पीएच 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त, तर जिप्समशिवाय गत्यंतर नाही.

उरलेली सहा झाडं फळं धरेपर्यंत ठेवतोय. कोकणातल्या खारजमिनीत कोणी असं काही करत असेल तर तिथल्या गवताच्या मुळांचे फोटो टाका ना, रंगवून. पालक, बीट, मोहरी घेऊ नका, त्यांच्या मुळात ही बुरशी शिरत नाही.