आधी न्हाण्या फोडल्या, मग बांधल्या

आमचं दुकान दर्यापूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. 2008 साली सुरू केलं तेव्हा पाटीवर ‘सॅनिटरी व नळफिटिंग’ एवढंच होतं. बाबा गवंडी, मी प्लंबर, हाताखाली एक पोरगा. पहिली सात-आठ वर्षं आम्ही जास्त करून एकच काम केलं: वाड्यांतल्या जुन्या न्हाण्या फोडायच्या आणि चकचकीत टाइल्स चिकटवायच्या. दगडी डोण्या, पितळी तोट्या, तांब्याचे बंब भंगारात जायचे. बंब मोडीत निघाला की बाबा त्या दिवशी जेवताना बोलत नसत.

मग 2016 मध्ये अंजनगावकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या घरचं काम आलं. मी माप घेत होतो, तेवढ्यात काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. “भाऊ, थ्या गुयगुयीत टाइल्स नोका लावू. मी दोनदा घसरली. अन् माह्या सासूचं गंगाय फेकाचं नाही.”

गंगाय म्हणजे घंगाळ, हे विदर्भाबाहेरच्यांसाठी. त्या घंगाळासाठी आम्ही दगडी ओटा केला, अंग धुवायच्या जागी बिनपॉलिशची कोटा फरशी घातली आणि कोरड्या बाजूला नक्षीची सिमेंट फरशी. पडवीतून निघालेल्या जुन्या फरश्या गोठ्यात रचून ठेवल्या होत्या, त्याच. ‘व्हिंटेज’, म्हणजे जुन्या धाटणीचं, हा शब्द तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता. तो पुढे पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांनी मोबाइलवर तसल्या न्हाण्यांचे फोटो दाखवत आणला.

त्या फोटोंमधली न्हाणी आमच्याकडे जशीच्या तशी टिकत नाही, हे कळायला मात्र दोन गिऱ्हाइकं नाराज करावी लागली.

पहिली चूक मातीची. काम मे महिन्यात केलं, जमिनीला भेगा पडलेल्या असताना. पाऊस लागला, काळी माती फुगली आणि ऑगस्टमध्ये मधली फरशी उचलली. तेव्हापासून आधी दोन फूट माती काढतो, मुरूम भरून ठोकतो, त्यावर काँक्रीट, आणि मगच फरशी.

दुसरी चूक पाण्याची, आणि ती जास्त महागात पडली. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाण्यातून जो खारपाणपट्टा जातो, त्यात आमचं गाव. बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही. या पाण्यात क्रोमचा नळ पुळ्या आल्यासारखा होतो. पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांबूस, भुसभुशीत धातू उरतो. लाखेचा चकचकीत हात मारलेले ‘अँटिक’ नळ तर वर्षभरात सोलपटतात. एका गिऱ्हाइकाकडे फरशीवर क्षारांचे पांढरे डाग पडले. कामवाल्या मावशींनी बाजारातलं ॲसिड ओतलं. डाग गेले, आणि अर्धी नक्षीही गेली.

त्यात मावशींचा दोष नाही, सांगायला हवं होतं आम्ही. ही फरशी भट्टीत भाजलेली नसते. साच्यात रंगीत सिमेंट आणि संगमरवराच्या भुकटीचा काही मिलिमीटरचा थर ओततात, मागे वाळू-सिमेंट घालून दाबयंत्रात दाबतात आणि पाण्यात मुरवतात. ॲसिडला सिमेंट आणि संगमरवर दोन्ही खायला आवडतात. आता चावी देताना घरातल्या बायांना बोलावून तासभर फरशी कशी धुवायची ते दाखवतो: साधा साबण, आणि पाणी लगेच निपटून काढायचं. पितळेला चिंच चालते, पण तिचं पाणी फरशीवर सांडू द्यायचं नाही.

पाण्याची तोड म्हणून आम्ही दोन लाइनी टाकतो. नळाच्या गोड्या पाण्याची वेगळी टाकी, तिच्यावरच पितळ. बोअरचं पाणी प्लास्टिकच्या पाइपातून फक्त फ्लशला. खर्च वाढतो, गिऱ्हाईक कुरकुरतं. ज्याला दोन लाइनी नको असतील त्याला मी साध्या प्लास्टिकच्या तोट्या घ्या म्हणतो. त्यापायी काही कामं हातची गेली.

सामानाची शोधाशोध हा माझा आवडता भाग. सागवान परतवाड्याहून येतं. मूर्तिजापूरकडे कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याचं पाडकाम निघालं, तिथून ओतीव लोखंडाचे ब्रॅकेट उचलले. आज त्यांवर चार घरांची वॉश बेसिनं उभी आहेत. सहा बाय आठ फुटांच्या न्हाणीला आठ इंची 108 फरश्या लागतात, फुटतूट धरून मी 120 घेतो. जुन्या एवढ्या एकसारख्या सहसा मिळत नाहीत. मग कमी पडतील तिथं साधी काळी पट्टी फिरवतो, आणि लोक तिचंच कौतुक करतात!

बंब आता मोडीत जाऊ देत नाही. तापवायला मात्र वापरू देत नाही. पूर्वी तो अंगणात किंवा पडवीत पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, पेटायचा, धूर मोकळ्यावर जायचा. आजच्या बंद खोलीत तो पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ. बाहेरच्या सोलरचं गरम पाणी बंबात सोडतो आणि त्याच्या तोटीतून घ्यायचं. दिसायला बंब, कामाला टाकी.

राहता राहिला पाय असलेला टब. एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाला तोच हवा होता, ओतीव लोखंडाचा, वाघनखी पायांचा. मी त्याला सांगितलं की 1883 साली अमेरिकेत कोहलर नावाच्या कारखानदारानं जनावरांच्या पाण्याच्या हौदाला मुलामा देऊन चार पाय लावले आणि टब म्हणून विकला. त्याचे वडील खाटेवर बसले होते. “मंग आपल्या गोठ्यातलाच लाव ना बे, पैशे कायले घालवतं?”

पोरगा ऐकला नाही. टब आला, सहा माणसांनी उचलून आत नेला. भरायला दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी, आणि उन्हाळ्यात नळ रोज येत नाही. मी मागच्या महिन्यात तोटी बदलायला गेलो तर टब काठोकाठ भरलेला, वर धुतलेलं धोतर अंथरलेलं. नळ येतो त्या दिवशी घरादाराचं पाणी त्यातच साठवतात. धोतराऐवजी सागवानी झाकण करून द्या म्हणाले पोराचे वडील. करून दिलं. पैसे अजून यायचे आहेत.