गंजाच्या थरात दडलेला मूळ पृष्ठभाग

मेटल डिटेक्टरने सापडलेली वस्तू हातात आली, की ती घासून चकचकीत करण्याची ओढ जवळजवळ प्रत्येकाला लागते. अशा वस्तूंची निगा राखण्याचे काम मी मनापासून करते आणि माझे ठाम मत असे आहे की, या कामातील खरे कौशल्य गंज काढण्यापेक्षा कुठे थांबायचे हे ओळखण्यात आहे. जमिनीत राहिलेल्या लोखंडाचा किंवा काशाचा मूळ पृष्ठभाग अनेकदा आतल्या धातूवर नसून गंजाच्या थरांमध्येच टिकून असतो. भिंगाखाली पाहताना गंजात मातीचे आणि वाळूचे कण अडकलेले दिसत असतील, तर तो थर वस्तूच्या मूळ सीमेबाहेर वाढलेला असतो. ते कण दिसेनासे होऊन घट्ट, एकसारखा थर लागला, की हात आवरायचा.

लोखंडासाठी इलेक्ट्रोलिसिसची, म्हणजे द्रावणातून वीज सोडून गंज सैल करण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात वस्तू ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा पत्रा धन टोकाला जोडतात. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नसावा, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे द्रावणात उतरू शकतात. सोड्याऐवजी मीठही वापरू नये, कारण मिठामुळे क्लोरीन वायू निर्माण होतो. वस्तूवर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, ठिणग्यांपासून दूर करावे. मात्र आत भक्कम धातू शिल्लक असेल तरच ही पद्धत वापरावी. वस्तू आकाराच्या मानाने हलकी वाटली आणि चुंबकाला जेमतेम ओढली गेली, तर तिचा बहुतेक धातू खनिजात बदललेला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी ते बुडबुडे गंजाबरोबर वस्तूचा आकारच उडवून लावतात.

लोखंडाचा खरा शत्रू म्हणजे मातीतून आत शिरलेले क्लोराइड, म्हणजे मिठासारखे क्षार. वरून कोरडी ठणठणीत दिसणारी वस्तू काही महिन्यांनी तपकिरी थेंब गाळू लागते आणि तिचे पापुद्रे सुटतात, ते या क्लोराइडमुळेच. ते बाहेर काढण्यासाठी वस्तू सोडियम हायड्रॉक्साइडच्या (कॉस्टिक सोड्याच्या) सौम्य द्रावणात ठेवून द्रावण पुन्हा पुन्हा बदलावे लागते. या कामाला आठवडे, कधी कधी महिने लागतात, आणि हातमोजे व संरक्षक चष्मा यांशिवाय ते करूच नये. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरने धुऊन वस्तू पूर्ण सुकवायची, टॅनिक आम्लाचा हात द्यायचा (त्याने पृष्ठभाग निळसर काळा होतो) आणि शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावायचे.

तांबे आणि कासे यांचा गुळगुळीत, घट्ट हिरवा थर हा दोष नव्हे. नाण्यावरील अक्षरे पुष्कळदा त्याच थरात उरलेली असतात, त्यामुळे लिंबू किंवा व्हिनेगर लावले तर थराबरोबर अक्षरेही जातात. डिस्टिल्ड वॉटर, लाकडी काडी आणि भरपूर सवड एवढ्यावर बहुतेक नाणी वाचता येतात. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली तर मात्र गांभीर्याने घ्यावे. आत राहिलेले क्युप्रस क्लोराइड (तांबे आणि क्लोराइड यांचे संयुग) ओलावा आणि ऑक्सिजन यांच्याशी संयोग पावते, त्यातून आम्ल तयार होते, ते आम्ल आणखी धातू खाते आणि हे चक्र ओलावा असेपर्यंत चालूच राहते. अशी वस्तू ताबडतोब सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी. पुढील उपचारासाठी बेंझोट्रायाझोल हे तांब्याचे गंजणे रोखणारे रसायन वापरतात, पण ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरलेले बरे.

सोन्याला पाण्यापलीकडे काही लागत नाही. शिसे विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि ते लाकडी पेटीत ठेवू नये, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी पूड धरते.

साफसफाईला हात घालण्यापूर्वी वस्तूची छायाचित्रे, सापडल्याची जागा आणि खोली यांची नोंद मी आग्रहाने करते. गंजात कधी कधी कापडाची वीण किंवा मुठीच्या लाकडाचे तंतू खनिजरूपात जसेच्या तसे टिकलेले असतात आणि ब्रशच्या एका फटकाऱ्याने ते कायमचे नाहीसे होतात. असे काही दिसले, किंवा वस्तू दुर्मीळ असल्याची शंका जरी आली, तरी मी ती पाण्यातसुद्धा घालत नाही. मातीसकट, आहे त्या स्थितीत संग्रहालयातील संवर्धकाकडे सोपवते.