साठाच्या वर, त्रेपन्नाच्या आत

आमच्या घरात पैशांबद्दल नेमका आकडा कुणी सांगत नाही. "साडी हजाराच्या खालची वाटायला नको, पण दीड हजाराच्या वर जाऊ नकोस." "पाकिटात पाचशेच्या आत घालू नका, त्यांनी मुंजीत तेवढे घातले होते." मुलीच्या अकरावीच्या गणितात असमिका आल्या, म्हणजे 'पेक्षा कमी', 'पेक्षा जास्त' यांची गणितं, आणि पाहते तर काय, आमचीच बोलणी चिन्हांत मांडलेली! एक खालचं टोक, एक वरचं, मध्ये बिचारा क्ष.

ती लहान-मोठं दाखवणारी चोचवाली चिन्हं थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकातून पुढे आली. पुस्तक छापलं गेलं १६३१ साली, तो गेल्यावर दहा वर्षांनी. 'किंवा तेवढंच' हे सांगणाऱ्या रेघा चिन्हाखाली आल्या त्या आणखी शंभर वर्षांनी, १७३४ मध्ये, फ्रान्सच्या पिएर बुगेरकडून. आहेराच्या पाकिटाला या रेघेचं महत्त्व बरोबर कळतं. पाचशे चालत नाहीत, पाचशे एक लागतात. म्हणजे तिथे रेघ नाही.

तर संक्रांतीचं हळदीकुंकू. बायका तीस, तयार तिळगुळाचे चारशे, आणि सगळं मिळून दोन हजारांच्या आत. शिवाय वाण चाळीसच्या खालचं नको, कारण त्याच्या खाली प्लॅस्टिक सुरू होतं. मुलीने मांडलं: ३०क्ष + ४०० हे २००० पेक्षा जास्त नको. चारशे वजा केले, तिसाने भागलं, क्ष आला त्रेपन्न रुपये तेहतीस पैशांपर्यंत. चाळीस ते त्रेपन्न. एवढ्या आखूड गल्लीतून आम्ही इंदूरच्या राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात निघालो.

दुकानदाराने स्टीलचा झाकणाचा डबा पुढे केला, साठ रुपये. पन्नास म्हटल्यावर म्हणाला, "इत्ते में तो खाली ढक्कन आएगा, भाभीजी."

घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई दुकानदाराच्याच बाजूने! मागच्या वर्षी समोरच्या काकूंनी असाच डबा दिला होता, त्याहून हलकं काही द्यायचं नाही. खालचं टोक चाळिसावरून साठावर गेलं. वरचं आपलं त्रेपन्नावरच बसलेलं. मुलीने वहीत लिहिलं, 'उकल नाही', आणि पेनाला टोपण लावलं.

पुस्तकात वरची आणि खालची अट सारख्याच वजनाची असते. घरात तसं नाही. वरचं टोक आपल्या खिशाचं, ते आपल्याला ठाऊक असतं आणि थोडं ताणताही येतं. खालचं टोक मात्र लोकांनी ठरवलेलं. ते कुठे लिहून ठेवलेलं नाही आणि ते कमी करायची कुणाची छाती नाही. इंदूरच्या आम्हा मराठी घरांत तर अजूनच कठीण: माणसं मोजकी, रथसप्तमीपर्यंत त्याच बायका याच्या त्याच्या घरी भेटत राहणार, कुणाकडे काय मिळालं हे सगळ्यांना पाठ.

यजमानांनी सुचवलं, दोनेकशे उधार घेऊ. त्यावर मुलीने वहीतला एक नियम ऐकवला: दोन्ही बाजूंना उण्याने गुणलं की चिन्ह उलटं फिरतं. पाच आठपेक्षा लहान, पण उणे पाच हे उणे आठपेक्षा मोठे. हे मला समजावून सांगायची गरज पडली नाही. जवळ असलेल्या पैशांत आठवाला मोठा, उधारीत पाचवाला सुखी.

तीस बायकांपैकी कुणाला गाळायचं, हा विषय निघालासुद्धा नाही. मग राहिले तिळगुळाचे चारशे. सासूबाई म्हणाल्या, तीळगूळ आणून घरीच करू, दोनशेत होईल. मुलीने टोपण पुन्हा काढलं. दोन हजारांतून दोनशे गेले, अठराशे भागिले तीस, बरोबर साठ. खाली साठ, वर साठ, आणि या वेळी दोन्हीकडे रेघ हवी.

उकल एकच आली, पण आली. आता तीस डब्यांवर दुकानदाराने एक रुपयाही वाढवला तर पुन्हा उकल नाही. म्हणून डबे घ्यायला या वेळी मी सासूबाईंनाच पाठवते आहे.