रंकाळ्यावर मी सलाम कुणाला ठोकतो

रोज संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावावर फेरी मारताना मी मधूनच उजव्या हाताचा पंजा कानशिलाला लावतो, टोपीची कड धरावी तसा. लांबून बघणाऱ्याला वाटतं सलाम चाललाय. भेळवाला विचारतो, "मामा, कुणाला सलाम?" तालमीतली पोरं विचारतात. एसटीतले जुने जोडीदार जरा खवचटपणे विचारतात, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणताय, नीट झालं म्हणताय, मग अजून डोळ्यापाशी काय चाचपताय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. उभ्या उभ्या सांगायला गेलो की निम्म्यात कुणीतरी नातवंडांची चौकशी सुरू करतं आणि राहून जातं.

ऑपरेशन नीटच झालं. 31 वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं. गगनबावड्याचं धुकं बघितलं, आंबा घाटातला पाऊस बघितला, तेव्हा डोळ्यांनी कधी कुरकूर केली नाही. निवृत्तीनंतर मात्र रात्री घरची गाडी चालवताना समोरच्या लाईटी फुटायला लागल्या. एका दिव्याचे दोन दिसायचे, भोवती पिंजलेल्या कापसासारखा उजेड. त्यात ऊस हंगाम. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी दोन ट्रॉल्या जोडलेली उसाची गाडी मला अगदी नाकासमोर आल्यावर दिसली. घरी येऊन किल्ली मुलाच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी डोळ्याचा दवाखाना गाठला. दसरा झाला की करायचं ठरलं. आधी उजवा.

ऑपरेशनचं काय सांगायचं? पंधरा-वीस मिनिटांचं काम. थेंबांची भूल, अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद, त्यातून बारीक कंपनांनी जुनी लेन्स फोडून ओढून घेतली आणि तिच्याच पिशवीत नवी, घडी घातलेली लेन्स सरकवली. आत गेल्यावर ती आपोआप उलगडते. लांबचं स्वच्छ दिसणारी साधी लेन्स घेतली. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी महागडीही होती, पण तिच्यात रात्री दिव्यांभोवती वर्तुळं जास्त दिसू शकतात असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं. ड्रायव्हरला ते कशाला परवडतंय? पेपर वाचायला चष्मा लागतो, तो लावतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि बाहेर रस्त्यावर लाल परी उभी होती. एवढी लाल! आयुष्य तिच्यात काढलं आणि ती अशी लाल असते हे मी विसरलो होतो. डावा डोळा झाकला की गाव ट्यूबलाईटमध्ये, उजवा झाकला की जुन्या पिवळ्या बल्बमध्ये. पिकलेली लेन्स पिवळी पडून निळा रंग अडवून धरते, ती निघाली की पहिले काही दिवस सगळं जरा निळसर, पांढरंशुभ्र वाटतं. माझा जो शर्ट मी इतके दिवस पांढरा म्हणून घालत होतो तो पांढरा नव्हता. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "मी दोन वर्षं सांगतेय."

चौथ्या दिवशी सावली आली.

उजव्या डोळ्याच्या उजव्या टोकाला, कानाच्या बाजूला, काळसर चंद्रकोर. कुणीतरी उजवीकडून ओव्हरटेक करायला घुसतंय असं सारखं वाटायचं. इतकी वर्षं उजव्या आरशाकडं लक्ष ठेवून बसलेला माणूस मी. जेवताना मान वळवायचो, देवापुढं बसलो तरी वळवायचो. भर उन्हात ती जास्त गडद व्हायची, घरात कमी. गेलो तपासायला. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. "ऑपरेशन उत्तम झालंय," असं उत्तर मिळालं. ते खरंच होतं. पण गाडीचं इंजिन उत्तम आहे असं सांगून ब्रेकचा आवाज थांबतो का?

मी खुर्चीतून उठलो नाही. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून, तासभर बसवून, डोळ्याच्या मागचा पडदा पार कडेपर्यंत बघितला गेला. पडदा जागेवर होता. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, निगेटिव्ह डिसफोटोप्सिया, आणि कागदावर चित्र काढलं. आपली मूळची लेन्स नऊ-दहा मिलिमीटर रुंद, बसवलेली सहा मिलिमीटरच्या आसपास, आणि जाडीलाही कितीतरी कमी. त्यामुळं बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा आणि लेन्सची कड यांच्यात फट राहते. बाजूनं येणारा थोडा उजेड लेन्समधून वाकून जातो, थोडा फटीतून सरळ जातो, आणि दोन्हींच्या मधली पट्टी कोरडी राहते. मी म्हटलं, म्हणजे वायपरचं आहे हे. दोन वायपर आपापली कमान पुसतात आणि मधे एक तुकडा तसाच राहतो. त्या हसल्या, म्हणाल्या, तसंच समजा.

गंमत म्हणजे लेन्स अगदी मधोमध, जागच्या जागी बसली असली तरी ही सावली दिसते. सुरुवातीला शंभरातल्या पंधरा जणांना दिसते, वर्षभरानं दोघा-तिघांना उरते. मेंदू हळूहळू तिकडं लक्ष देणं सोडतो. फारच त्रास झाला तर आणखी एक लेन्स बसवणं किंवा आहे तिचीच बैठक बदलणं असे उपाय आहेत, पण त्याला घाई नको. तोवर बाजूचा उजेड अडवायचा. जाड काडीचा चष्मा वापरा, नाहीतर कानशिलाला हात लावा. तर हा माझा सलाम. हात लावला की सावली विरते, काढला की परत हजर.

संध्याकाळचा त्रास वेगळा. सूर्य पाण्यावर कलला आणि माझ्या बाजूला आला की डोळ्यात उजेडाची एक कमान लखकन चमकते. ती लेन्सच्या कडेवर पडलेल्या तिरप्या किरणाची. गेल्या नोव्हेंबरात किरणोत्सवाच्या दिवसांत, मावळतीचे किरण देवळात थेट मूर्तीपर्यंत येतात त्या 9 ते 11 तारखेला, सगळं गाव किरण अंबाबाईच्या चरणांपर्यंत पोचले, कमरेपर्यंत पोचले, मुखावर पोचले याचा हिशेब करत होतं आणि मी माझ्या डोळ्यातल्या किरणाचा. दोन्हीकडं सगळा खेळ कोनाचाच. लेन्सची कड गोल का करत नाहीत, असं मी विचारलं. तर ती मुद्दाम चौकोनी, धारदार ठेवलेली असते. ऑपरेशननंतर पिशवीत ज्या थोड्या पेशी उरतात त्यांनी मागच्या बाजूला पसरू नये म्हणून तो बांध. बांध नसेल तर काय होतं ते माझ्या एका कंडक्टर जोडीदारानं बघितलंय. आणि खरं तर बांध असूनही पुष्कळांना होतं. त्याला ऑपरेशननंतर दोन वर्षांनी परत धुरकट दिसायला लागलं. तो सगळीकडं सांगत सुटला, "मोतीबिंदू परत आला." मोतीबिंदू परत येत नाही, लेन्सच गेली तर येणार कशात? पिशवीची मागची बाजू गढूळ होते. लेसरनं तिला मधे खिडकी पाडतात, पाच मिनिटं, ना सुई ना टाका. त्याला त्याच संध्याकाळी सीबीएसवरच्या, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवरच्या, पाट्या वाचता आल्या.

ही कृत्रिम लेन्स आली कुठून ते ऐकून तर मी खूशच झालो. हॅरॉल्ड रिडली नावाचे इंग्रज डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताच्या फुटलेल्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात गेले, आणि डोळ्यानं ते निमूट सोसले. त्यावरून त्यांनी त्याच प्लास्टिकची लेन्स करून 29 नोव्हेंबर 1949 ला लंडनमध्ये माणसाच्या डोळ्यात बसवली. म्हणजे मूळ माल विमानाच्या काचेचा. पहिल्या पेशंटला बक्कळ मायनस नंबर उरला म्हणे. पहिल्या ट्रिपला एवढं चालायचंच.

पण तुम्ही "मामा, मलाही बाजूला कायतरी दिसतंय" म्हणता तेव्हा मी हसण्यावारी नेत नाही. माझी सावली आली त्या दिवसापासून एकाच जागी आहे, वाढली नाही. गडहिंग्लजकडचे एक गुरुजी आहेत, लहानपणापासून मोठ्या मायनस नंबरचे. ऑपरेशनला वर्ष होत आलं असताना त्यांना अंधारात विजा चमकल्यासारख्या दिसायला लागल्या, मग एकदम काळ्या ठिपक्यांचा पाऊस, मग खालून वर चढणारा पडदा. ऑपरेशनचंच काहीतरी असेल, बसेल हळूहळू, असं म्हणून त्यांनी आठ दिवस काढले. डोळ्याचा मागचा पडदा सुटत चालला होता. तो पुण्याला जाऊन बसवला, पण नजर पहिल्यासारखी आली नाही. विजा, ठिपके, सरकणारा पडदा यातलं एक जरी नव्यानं दिसलं तरी त्याच दिवशी जायचं. मायनस नंबरवाल्यांनी तर चहासुद्धा घेत बसू नये.

दुसरं पहिल्या आठवड्यातलं. डोळा खुपतो, किंचित लाल असतो, ते चालतं. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, लाली वाढली, नजर खाली गेली, तर आत जंतू शिरलेत असं धरून चालायचं. हजारात एखाद्याला होत असेल नसेल, पण ज्याला होतं त्याला तासांचा हिशेब असतो. थेट डोळ्याच्या आत औषधाचं इंजेक्शन द्यावं लागतं. आमच्या घरी थेंबांचा तक्ता फ्रिजवर चिकटवला होता, लग्नाच्या यादीएवढा लांब. बायको हात धुऊन आल्याशिवाय बाटलीला हात लावू देत नव्हती. तेव्हा चिडलो होतो.

साखरवाल्यांचं, म्हणजे मधुमेह असलेल्यांचं, आणखी एक असतं. महिना-दीड महिन्यानं, चांगलं दिसायला लागल्यावर, मधलं परत पुसट होतं, दाराची चौकट वाकडी दिसते. पडद्याच्या मध्यावर सूज येते. थेंबांनी बहुतेकांची उतरते, पण आधी तपासायला तर पाहिजे.

डाव्या डोळ्याचं विचाराल तर तो पुढच्या महिन्यात. भीती वाटते का? एकाला सावली आली तर दुसऱ्यालाही यायची शक्यता असते, हे मला सांगितलंय. पण पिवळ्या बल्बचा आता कंटाळा आलाय.

उजवीकडची सावली आता दिवसदिवस आठवत नाही. डावा डोळा झाकून शोधली तर सापडते. परवा रंकाळ्याहून परतताना रस्ता ओलांडत होतो, उजवीकडं काळं काहीतरी हललं. आपली सावली, म्हणून एक पाऊल पुढं टाकलं. करकचून ब्रेक लागला. बुलेट होती, वर दोन पोरं.

"ओ मामा, दिसत नाही काय?"

"दिसतंय बाबा," मी म्हटलं, "लई दिसतंय."